भरलेली टाकी

आमच्या थोरल्या मावशीला सगळे ब्रेकमावशी म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फार थोड्यांची, कारण मावशीच्या नाकावर माशी बसलेली कोणी पाहिलेली नाही. हे नाव तिला तिच्या विद्यार्थिनींनी दिलं. मावशी बायकांना गाडी शिकवायची. शिकणारी बाई स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली आणि शेजारच्या सीटवर मावशी, हाताची घडी घालून, नजर सरळ रस्त्यावर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटलाही एक जादा ब्रेक आणि क्लच बसवलेला असतो. मावशीचा उजवा पाय कायम त्या ब्रेकवर. शिकणाऱ्या बाईला आपण चुकतोय हे कळायच्या आत गाडी थांबलेली असायची, आणि मावशी म्हणायची, “डोळे पुढे, पाय जागेवर, आणि घरातली भांडणं घरात. चला, परत सुरू करा.”

तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका आज आजी झाल्या आहेत. नातवंडांना शाळेत सोडताना त्या रस्त्यात मावशी दिसली की काच खाली करून हाक मारतात, आणि मावशी हाकेला ओ द्यायच्या आधी सांगते, “आरसा नीट लाव.” मी मात्र तिची सख्खी भाची असून मला गाडी येत नाही. तिने दोनदा शिकवायला घेतलं आणि दोनदा हात टेकले. “हिला पायी चालू दे, रस्ता सगळ्यांचाच आहे,” असा निकाल तिने दिला. घराण्याला लागलेला हा बट्टा मी आजवर आनंदाने मिरवते आहे.

गाडी आजोबांची. त्यांना तीन मुली. थोरली ही, मधली माझी आई आणि धाकटी. आजोबा नावाने कधी हाक मारत नसत. थोरले, मधले, धाकटे, असं ओरडायचे आणि तिघी यायच्या. गाडी शिकवली थोरलीला, तिने शिकवली धाकटीला. मधलीला गाडीत बसलं की मळमळायचं, त्यामुळे तिचं लवकर लग्न झालं असं धाकटी मावशी म्हणते. पुढे थोरली आणि धाकटी दोघींनी मिळून बायकांसाठी क्लास काढला. थोरली रस्त्यावर शिकवायची. धाकटी मोकळ्या मैदानात रिव्हर्स, वळवणं, दोन खांबांमधून गाडी काढणं शिकवायची. थोरली रागवायची, धाकटी हसवायची. अर्ध्या बायका थोरलीच्या रागाने शिकल्या आणि उरलेल्या धाकटीने डोळे पुसल्यावर.

वर्षातून एकदा, लायसन्सच्या परीक्षांची गर्दी संपली की, क्लास एक दिवस बंद असायचा. त्या दिवशी दोघी गाडी घेऊन डोंगरावरच्या धरणावर जायच्या. जाताना थोरली चालवणार, येताना धाकटी. तिसऱ्या कोणाला प्रवेश नाही. आईने एकदा गोळी घेऊन येते म्हटलं तरी नेलं नाही, त्याचा राग तिला अजून आहे. वर जाऊन करता काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. थोरली म्हणाली, “काही नाही. पाणी बघतो.” धाकटी म्हणाली, “ताई गप्प बसते असं जगात तेवढं एकच ठिकाण आहे. मी ते ऐकायला जाते.”

मग दोघींचं बिनसलं.

कारण ऐकलं तर कोणी हसेल. धाकटी म्हणाली, आता नवी गाडी घेऊ. बायकांना परीक्षा नव्या गाडीत द्यावी लागते आणि आपण त्यांना चोक ओढायला शिकवतो. कुठल्या गाडीला आता चोक असतो? ही विकून टाकू, दोन छोट्या घेऊ. थोरली म्हणाली, विकायची नाही. धाकटी म्हणाली, “ताई, गाडी जुनी झाली.” थोरली म्हणाली, “मीही झाले. मलाही विक.” इथे कोणीतरी हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही, शब्दाने शब्द वाढला, आणि धाकटीने दुसऱ्या गावी जाऊन स्वतःचा क्लास काढला. आता तिच्याकडे पाच-सहा गाड्या आहेत, हाताखाली माणसं आहेत. इथला क्लास हळूहळू आटला. शेवटी मावशीने पाटी उतरवली आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली.

दोघींचं बोलणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. त्या बोलायच्या, पण आईमार्फत. मधली असल्यामुळे मध्ये पडणं आईच्या नशिबीच होतं. थोरली म्हणायची, “तिला सांग, पाठीला जप म्हणावं. दिवसभर गाडीत बसून पाठ जाते.” आई फोन करायची. तिकडून धाकटी म्हणायची, “तिला सांग, मला सल्ला नको. आणि विचार, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेते का.” आई फोन ठेवून कपाळाला हात लावायची. “मी काय टेलिफोनची तार आहे?” म्हणायची. पण निरोप चुकवायची नाही.

तर ती टाकी.

आजोबांचा एक नियम होता. गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची. टाकीत रिकामी जागा राहिली की तिथे हवा शिरते, हवेबरोबर दमटपणा, दमटपणातून गंज. मावशी हा नियम देवाची आज्ञा असल्यासारखा पाळायची. महिना उजाडला की ती शेड उघडायची, चोक ओढून गाडी सुरू करायची आणि कोपऱ्यावरच्या पंपावर न्यायची. पंप हाकेच्या अंतरावर. पंपावरचा माणूस नळी लावायचा आणि लावता लावताच नळी खटकन बंद व्हायची. “मावशी, घोटभर बसलं,” तो म्हणायचा. मावशी म्हणायची, “घोटभर तर घोटभर.” जुन्या गाडीच्या झाकणातून पेट्रोल थोडं थोडं उडून जातं. जेवढं उडायचं आणि जेवढं पंपावर जाऊन यायला जळायचं, तेवढं ती भरायची. मग गाडी परत शेडमध्ये. मी तिच्याबरोबर जायचे, कारण येताना ती मला आइस्क्रीम द्यायची, आणि पुढे मोठी झाल्यावर सवय म्हणून जायचे. एवढी कशाला भरतेस, कुठे जायचंय तुला, असं मी कितीदा विचारलं असेल. ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

मग पेट्रोल बदललं. पंपावर एक नवीन सूचना चिकटवलेली दिसली, आणि मावशीने नळीच्या तोंडाशी उरलेला थेंब नेहमीप्रमाणे तळहातावर घेऊन हुंगला. तिला पेट्रोलचा वास आवडायचा, हे ती कोणाला सांगत नसे. तिने नाक मुरडलं. “याला पेट्रोलचा वास नाही,” ती म्हणाली. “याला दवाखान्याचा वास येतोय.”

पंपावरचा माणूस म्हणाला, “आता हेच येणार. यात अल्कोहोल मिसळतात.”

“मग गाडी झिंगणार का?”

“तुम्हीच सांगा उद्या,” तो म्हणाला, आणि दोघं हसले.

गाडी झिंगली नाही, आजारी पडली. आधी सकाळी सुरू व्हायला कुरकुर. मग उभी असताना धडधड आणि पायाने दाबलं की एक उचकी. शेडमध्ये गेलं की पेट्रोलचा वास नाकात बसायचा. एक दिवस मावशीने बॉनेट उघडून आतल्या रबरी नळीवर बोट फिरवलं तर नळी ओली. फुटलेली नाही, गळत नाही, नुसती घामाघूम. तिने मिस्त्रीला बोलावलं.

आमचा मिस्त्री म्हणजे बोलघेवडा. गाडीतलं एक बिघडलं की जगातल्या दहा बिघडलेल्या गोष्टी तो ऐकवणार. पूर्वीचं लोखंड, पूर्वीचं रबर आणि पूर्वीची माणसं यांची महती गाऊन झाल्यावर तो मुद्द्यावर आला. नवं पेट्रोल नव्या गाड्यांना पचतं, त्यांच्या नळ्या आणि वॉशर ते पचेल अशाच बनवलेल्या असतात. जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. शिवाय टाकीच्या आत वर्षानुवर्षांचा गंज आणि चिकटा धरून बसलेला असतो, तो हे पेट्रोल सोडवतं आणि वाहत नेऊन कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत बसवतं.

“म्हणजे साफसफाईच करतंय की,” मावशी म्हणाली.

“साफसफाई करतंय, पण केर नेऊन स्वयंपाकघरात टाकतंय,” मिस्त्री म्हणाला. “आणि खरी गोम पुढेच आहे. हे पाणी ओढून घेतं. गाडी धावती असेल तर काही नाही, आत गेलं आणि जळलं. तुमची गाडी नुसती उभी. झाकणातून दमट हवा आत जाते, पेट्रोल ती पीत राहतं. एक दिवस पोट भरलं की पाणी आणि अल्कोहोल मिळून खाली बसतात. तळाला नुसतं पाणी. ते इंजिनात गेलं की खेळ खलास. मी सांगू का, टाकी काढून रिकामी करू, धुऊ, नळ्या सगळ्या नव्या घालू. पुढे थोडंच भरत जा. चार दिवसांत संपेल एवढंच.”

मावशी म्हणाली, “नळ्या बदल. कार्बोरेटर खोल. टाकीला हात लावायचा नाही.”

“अहो पण दुखणं टाकीतच आहे!”

“गाडी तयार पाहिजे.”

“कशासाठी?”

“तयार पाहिजे म्हणून.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. नळ्या बदलल्या गेल्या, कार्बोरेटर साफ झाला, टाकी भरलेलीच राहिली. मला राग आला होता. घरी येऊन मी आईला म्हटलं, “सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच. आजोबांनी एकदा सांगितलं की संपलं. जग बदललं, पेट्रोल बदललं, ही बदलणार नाही.”

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “तुला अजून कळलं नाही का गं?” ती म्हणाली. “बाबांचा नियम वगैरे सांगायला. ती टाकी धाकटीसाठी आहे. धाकटी कधीही येईल आणि म्हणेल, चल ताई, धरणावर. तेव्हा गाडी तयार हवी. टाकी रिकामी करायची म्हणजे ती येत नाही, असं म्हणायचं. ताईच्या तोंडून ते निघेल का? मग हातून तरी कसं होईल?”

त्या घोट-घोट पेट्रोलासाठी मी मावशीची किती चेष्टा केली होती.

त्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू, फार काही नाही. पण धाकटीने फोनवर सांगितलं की मी एक दिवस येऊन जाते, भेटून जाते. मग म्हणाली, “ताईला विचार. वेळ असला तर धरणावर जाऊ म्हणावं.”

आईने निरोप सांगितला तेव्हा मी तिथेच होते. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एका चादरीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. “मला काय,” ती म्हणाली, “माझ्याकडे वेळच वेळ आहे. तिलाच नसतो.” आणि उठून शेडमध्ये गेली. दुपारभर तिकडून पाण्याच्या बादलीचा आवाज येत होता. संध्याकाळी मी पाहिलं तर गाडी आरशासारखी, चाकांच्या खाचांतली माती काडीने काढलेली, आणि मावशी मागच्या सीटवर बसून होती, काही न करता. ती गुणगुणत होती. मावशी गुणगुणते हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी ती पंपावर जाऊन टाकी भरून आली. बसलं घोटभरच.

धाकटी आली. केस पिकलेले, चष्मा, पण चालणं तेच, भराभर. आईजवळ बसली, डोळ्यात औषध कसं घालायचं यावरून मला चार गोष्टी सुनावल्या. थोरली दारात उभी होती. धाकटीने वर पाहिलं आणि म्हणाली, “बारीक झालीस.” थोरली म्हणाली, “तू झाली नाहीस.” एवढ्यावर भेट झाली.

आईने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, “तूही जा. दोघी एका गाडीत, मध्ये कोणीतरी हवं.” त्यामुळे त्या ठरलेल्या सफरीत पहिल्यांदाच तिसरं माणूस बसलं, आणि तेही गाडी न येणारं.

सुरुवातीला दोघी माझ्यामार्फत बोलल्या. “तुझ्या मावशीला सांग, काच खाली घे, गुदमरतंय,” धाकटी म्हणाली. “तुझ्या मावशीला सांग, काचेची मूठ तिच्याच बाजूला आहे.” मी मागे बसून मान इकडून तिकडे करत होते. गावाबाहेर पडलो, वारा आत आला, आणि धाकटीने कान टवकारले. “इंजिनातले टॅपेट वाजतायत ताई.”

“वाजू देत. त्यांना तरी कुठे बोलायला कोणी होतं?”

धाकटी हसली. मोठ्याने, पूर्वी मैदानात हसायची तसं. थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला. मग माझी गरज संपली. कुठली विद्यार्थिनी खांब सोडून कुंपणात घुसली होती, कुठल्या बाईने परीक्षकालाच पट्टा लावायला लावला होता, असं एकेक निघत गेलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, हे असं रोज का झालं नाही? एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं गेली कुठे?

चढ सुरू झाला. पहिली काही वळणं गाडीने छान घेतली. मग एक उचकी आली. मावशीने गिअर उतरवला. दुसरी उचकी, तिसरी, आणि गाडी खोकत खोकत बंद पडली. मागे घसरायच्या आत दोघींचे पाय एकाच वेळी आपापल्या ब्रेकवर पडले. हँडब्रेक ओढला. मावशीने स्टार्टर मारला. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. ती परत परत मारत राहिली.

“बस कर ताई, बॅटरी उतरेल,” धाकटी म्हणाली आणि खाली उतरली. माझ्या पर्समधली पाण्याची बाटली तिने मागून घेतली, पाणी ओतून दिलं, आतून रुमालाने पुसली. पेट्रोलची नळी सोडून बाटली तिच्या तोंडाशी धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. एवढं मला जमलं. बाटलीत चार बोटं भरल्यावर तिने ती उजेडात धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली गढूळ, पांढरट काहीतरी. दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ.

“चढावर टाकी तिरपी झाली आणि तळातलं पाणी नळीच्या तोंडाशी आलं,” धाकटी म्हणाली. “ताई, कधीचं पेट्रोल आहे हे?”

“परवाच भरलंय.”

“वरचं परवाचं. तळातलं?”

धाकटीने मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल गळ्यापर्यंत होतं, उन्हात चमकत होतं. ती झाकण हातात धरून उभी राहिली.

“चालवतेस कुठे तू ही?”

“पंपापर्यंत.”

“आणि?”

“आणि परत.”

धाकटीचा आवाज चढला. शिकवणाऱ्या माणसाचा चढतो तसा. “बाबांच्या वेळचं पेट्रोल वर्षभर ठेवलं तरी चालायचं गं! हे ठेवायचं पेट्रोल नाही, वापरायचं आहे. माझ्याकडे एक जुनी गाडी होती, तिचं असंच वाटोळं झालं. मला विचारायचं होतंस. मधलीजवळ निरोप द्यायचा, पाठीचं सांगतेस तसं. आणि तो मिस्त्री? त्याने सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. टाकी रिकामी करा म्हणाला होता.”

“मग का नाही केलीस?”

मावशी गाडीला टेकून उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती म्हणेल, तुझ्या मावशीला सांग. ती तसं म्हणाली नाही. ती धाकटीकडे बघून म्हणाली, “रिकामी केली असती आणि नेमकी त्याच दिवशी तू आली असतीस तर? पंपावर थांबावं लागलं असतं. तुला नेहमी घाई असते.”

धाकटीने झाकण लावलं. दोनदा फिरवलं तरी ते आट्यांत बसेना. मग ती रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर जाऊन बसली आणि चष्मा काढून पुसत राहिली. थोरली तिच्याजवळ जाऊन बसली. मी गाडीतच थांबले आणि मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री टेम्पो आणि दोर घेऊन येईपर्यंत ऊन कललं. धरण अगदी वर होतं, दोन-तीन वळणं. मी म्हटलं, हळूहळू चालत जाऊ या का? धाकटीने घड्याळ पाहिलं. संध्याकाळच्या बसने तिला परतायचं होतं, सकाळी तिच्या बायकांची परीक्षा होती. थोरलीनेच सांगितलं, “नको. पाणी कुठे पळत नाही. बस चुकेल तिची.” खाली उतरताना दोराने बांधलेल्या गाडीत थोरली स्टिअरिंगवर आणि धाकटी शेजारी, मी टेम्पोत मिस्त्रीचं व्याख्यान ऐकत. मागे वळून पाहिलं तर दोघी बोलत नव्हत्या, समोरच्या दोराकडे बघत होत्या.

बसस्टँडवर धाकटी म्हणाली, “टाकी रिकामी करून घे. कोरडी ठेव. मी आले की दोघी जाऊन भरू.”

“आणि नाही आलीस तर?”

“तर तू ये.”

“मी?” मावशी म्हणाली. तिला ही कल्पना नवीन होती. तिच्या हिशेबात धाकटीने यायचं असतं. थोरलीकडे लोक येतात, थोरली जात नाही. हे तिला कोणी शिकवलं होतं असं नाही, पण ती त्यातच वाढली होती. धाकटी बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि बस हलेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मिस्त्रीने टाकी उतरवली. आतलं डब्यांत ओतलं तेव्हा शेवटी शेवटी तांबूस, गढूळ पाणीच येत होतं, बरोबर गंजाचे पापुद्रे. “बघा,” तो म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” मावशीने पाहिलं आणि मान हलवली. टाकी धुऊन, वाळवून, परत बसवून झाली. त्याने वरून बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. मावशी उठून घरात निघून गेली.

महिना उजाडला. मी सकाळी तिच्याकडे गेले तर घराला कुलूप. शेडला कुलूप. मला सापडली ती पंपावर. पायी गेली होती. हवा भरायच्या यंत्राजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पंपावरचा माणूस दुरून माझ्याकडे बघून हात हलवत होता, बघा बुवा काय ते, अशा अर्थाने.

मी शेजारी बसले. चेष्टा करायला माझी जीभ त्या दिवशी धजावली नाही.

“सवयीने आले,” ती म्हणाली. “इथे आल्यावर आठवलं, गाडीला काही नकोय.” गाड्या येत होत्या, भरून जात होत्या. “महिन्यातून एकदा तिच्यासाठी काहीतरी हातून व्हायचं. थोडं का होईना. आता नुसती आठवण येते. त्याचं काय करायचं गं माणसाने?”

“मावशी, जा ना तिच्याकडे.”

“ती येते म्हणाली आहे.”

“तू ये असंही म्हणाली आहे. मी ऐकलंय.”

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, “मी गेले आणि तिला वेळ नसला तर?”

“तर तिच्या क्लासमध्ये बस. बायकांना रागाव.”

“ती रागावू देणार नाही,” मावशी म्हणाली, पण उठली.

त्याच आठवड्यात आम्ही तिला बसस्टँडवर पोचवायला गेलो, मी आणि आई. आईच्या डोळ्यावर काळा चष्मा. मावशीने एक लहान पिशवी घेतली होती, आणि जायला उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडली होती. आईने सवयीने फोन काढला. “मी कळवते तिला,” ती म्हणाली, “की ताई निघालीय.”

“तू थांब,” मावशी म्हणाली. तिने आईच्या हातातून फोन घेतला, नंबर लावून मागितला आणि कानाला घट्ट धरला. बस लागली होती, लोक चढत होते, ती एका बाजूला सरकून उभी राहिली.

“मी आहे,” ती म्हणाली. “हो, मीच... निघालेय... नाही, मधली ठीक आहे, सगळं ठीक आहे... बसने.” मग तिकडून धाकटीने काहीतरी विचारलं असणार. मावशीने डोळे मिटले.

“नाही गं,” ती म्हणाली. “गाडी नाही आणत. मीच येतेय.”